एक खाच रिकामी

शर्वरीने यादी केली वहीच्या शेवटच्या पानावर.
प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, मदरबोर्ड, रॅम,
प्रत्येकासमोर किंमत, किमतीवर किंमत,
खोडून खोडून कागद मऊ झालेला.
वर एकच आकडा न खोडलेला : बहात्तर हजार.
दोन वर्षं सुदामानगरच्या पोरांना
अपूर्णांक शिकवून जमवलेला.

मी मोटारी वाइंड करतो,
राणीपुऱ्यात, तेवीस वर्षं.
मला तांबं कळतं.
त्या यादीतलं बाकी काही नाही.

स्कूटरवर मागून ओरडून समजावत होती,
'बाबा, प्रोसेसर म्हणजे डोकं, कार्ड म्हणजे डोळे...'
तिचं तिलाच पटलं नाही.
शास्त्री पुलावर गप्प झाली,
आणि पूल उतरल्यावर म्हणाली,
'एक फार मंद असला ना, की दुसरा नुसता वाट बघत बसतो.'
हे मला कळलं.
घरी कोण कोणाची वाट बघत बसलंय
ते मात्र विचारलं नाही.

सिल्व्हर मॉलच्या त्या दुकानात
काचेमागे पंखे फिरत होते, रंग बदलत,
थंड करायला तिथे काहीच नसताना.
मुर्तुजाने तीन पंख्यांचं कार्ड काढून दिलं.
शर्वरीने खोका धरला
दुसऱ्याचं बाळ धरावं तसा.
'दीदी, कार्ड यही लो, पावर सप्लाय में बचा लो.
डिब्बे के अंदर कौन देखता है?'

तेवीस वर्षं मी
डब्याच्या आतच बसलोय.

म्हटलं, दोन्ही सप्लाय द्या बघू हातात.
डाव्या हातातला हलका,
लग्नात आलेल्या बंद भेटीसारखा.
उजव्यात तांबं होतं.
सील न फोडता सांगतो.
आमच्या गल्लीत रात्री साडेआठला
व्होल्टेज कसं वागतं, हे तिलाही ठाऊक.
'हा,' मी म्हटलं. अजून काही बोललो नाही.

फरक निघाला बत्तीसशेचा.
काउंटरवर कोपर टेकून ती हिशेब करत राहिली.
दिव्यांची कॅबिनेट गेली, साधी आली.
तीनचे दोन पंखे झाले.
तरी जमेना.
शेवटी रॅमपुढचा दोन पुसून एक केला.
'एक खाच रिकामी राहील, बाबा.'
'बंद पडेल?'
'नाही. लंगडत चालेल थोडं.'

रात्री जेवणाच्या टेबलावर जोडणी.
आधी नळाला हात लावून आली,
अंगातली वीज सोडायला.
प्रोसेसरवर तुरीच्या दाण्याएवढी पेस्ट,
जास्त नाही, कमी नाही, श्वास रोखून.
लहानपणी दुकानात ती बॅटरी धरायची
आणि मी खेकसायचो,
उजेड माझ्या तोंडावर नको, कामावर पाड.
आता बॅटरी माझ्या हातात.
ती खेकसली नाही.
दोनदा फक्त माझं मनगट वळवलं.

बटण दाबलं. पंखे फिरले, पडदा काळा.
एक मिनिट.
तिची आई उगाच ओटा पुसत राहिली.
मग शर्वरी टेबलाखाली वाकली,
केबल मदरबोर्डातून काढून कार्डात लावली,
आणि स्वतःलाच एक शिवी दिली,
जी मला वाटतं मीच शिकवलेली.

अकरा वाजता ती
कुठल्यातरी बर्फाळ घाटातून ट्रक हाकत होती,
इंडिकेटर देऊन, नियम पाळून,
जसा मी कधीच चालवत नाही.

सगळे पडद्याकडे बघतात.
मला बाजूच्या काचेतून
ती खाच दिसते.

जळक्या मोटारीतलं तांबं किलोवर जातं.
मार्चपासून मी त्यातलं थोडं
एका पत्र्याच्या डब्यात वेगळं टाकतो.
डब्यावर काही लिहिलेलं नाही.